गाड्यावरच्या वाकळा

आयुष्यात मी एकदाच माणसाच्या डोक्यात काठी घातली, आणि ते डोकं माझ्या दाजींचं होतं. सख्ख्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. भर दुपारी, दोन गावांच्या देखत, ओढ्याच्या पात्रात. माझ्या कपाळावरच्या खोकेबद्दल नातवंडं विचारतात तेव्हा मी सायकलवरून पडलो म्हणून सांगतो. सायकलवरून मी पुष्कळदा पडलो आहे, त्यामुळं ते अगदीच खोटं नाही. पण कपाळ फुटलं ते त्या दुपारी. त्याच्या आधी आणि नंतर काय झालं ते एकदा लिहून टाकावं म्हणून हा कागद पुढं ओढला आहे.

मी टोचणारा होतो, म्हणजे गावोगाव फिरून लस टोचणारा सरकारी माणूस. हैदराबाद संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. उर्दूत शिकलेली आम्ही पोरं एकाएकी मराठीत अर्ज खरडायला लागलो होतो, आणि अशाच एका अर्जावर मला ही नोकरी लागली. धाराशिवला सहा आठवडे शिकवलं, मग एक सायकल, एक खाकी पिशवी, सुयांचा डबा, सुया उकळायला स्पिरिटचा दिवा आणि विहिरीत टाकायची लाल दवा देऊन मला कळंब तालुक्यात सोडून दिलं. लोक तोंडावर डाक्तर म्हणायचे, पाठ वळली की सुईवाला. वय चोवीस, राग नाकाच्या शेंड्यावर, आणि सहा आठवड्यांत जगातलं सगळं कळलं असा तोरा. तो मी आज मला रस्त्यात भेटलो असतो तर एक मुस्कटात ठेवून दिली असती.

त्या वैशाखात माझ्याकडच्या एका गावात पटकी, म्हणजे कॉलरा, आली. सकाळी भाकरी खाऊन शेतावर गेलेला माणूस दुपारी उलट्या-हागवणीनं आडवा व्हायचा, पिंढऱ्यांत गोळे येऊन किंचाळायचा, आणि दिवस मावळायच्या आत डोळे खोल जाऊन निपचित पडायचा. पटकी हा शब्द गावात कुणी उच्चारत नव्हतं. आई आली, एवढंच म्हणायचे. आई म्हणजे मरीआई. तिचं नाव घेतलं, दवा घेतली, अंगाला सुई लावली की ती चिडते, आणि चिडली की घरातलं आणखी एक माणूस नेते, असा सगळ्यांचा पक्का समज. मी म्हणायचो, पाण्यातनं येते. ते म्हणायचे, पाणी तर वाडवडलांपासून हेच पितो. यावर काय बोलायचं ते मला सहा आठवड्यांत कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी ओरडायचो.

ओरडून भागेना तेव्हा माणसं धरून टोचायला लागलो. एक धिप्पाड गडी मला बघून माळवदावर चढला आणि वरनं धोंडे फेकायला लागला. एक धोंडा कोतवालाच्या खांद्यावर बसला. मी शिडी लावून वर गेलो, त्याचा पाय धरून ओढला, तो माझ्या मनगटाला कडकडून चावला, मी त्याच्या कानाखाली दिली. दोघं जण त्याच्या छातीवर बसले आणि मी त्याच्या दंडात सुई खुपसली. खाली त्याची बायको ऊर बडवत होती. मला जिंकल्यासारखं वाटलं, हे लपवत नाही. त्याचा दंड सुजला, ताप चढला. तो या लसीनं बऱ्याच जणांना चढायचा. पण दोनच दिवसांत त्याला पटकी झाली. ती त्याच्या पोटात मी टोचायच्या आधीच शिरलेली असणार, पण हे सांगू कुणाला? संध्याकाळपर्यंत तो गेला. त्यानंतर माझ्या सायकलची घंटी ऐकली की दारं बंद व्हायची आणि आतनं शिव्या यायच्या.

विहिरीत लाल दवा टाकली तर पाणी तांबडं-जांभळं झालं. बायका घागरी टाकून पळाल्या. आईनं विहिरीत रगत ओकलं म्हणून बोंब उठली. पाटलाची म्हातारी आई काठी टेकत आली आणि चारचौघांत तिनं माझ्या थोबाडीत मारली. म्हातारीचा हात, पण चांगला लागला. मी म्हणालो, "आजी, हा रंग आपोआप जातोय. मग बिनघोर प्या."

"आधी तू पी," ती म्हणाली.

मी तिच्या देखत तांब्याभर पाणी प्यायलो. तोंड तुरट झालं आणि दात तपकिरी पडले. ते दात बघून पोरंसुद्धा मला भ्यायला लागली.

एक गोष्ट मात्र मी घरोघर, बंद दारांसमोर उभा राहून घसा फोडून सांगितली. मेलेल्या माणसाची वाकळ, धोतर, लुगडं ठेवू नका, जाळा. त्या कपड्यांत रोग असतो. दाराआडून कुणी तरी म्हणायचं, वाकळ कशी जाळायची? त्यांचंही खरं होतं. जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून बाई एक वाकळ शिवते तेव्हा तिचा एक हिवाळा जातो, आणि घरात माणसं सहा आणि वाकळा तीन. शेवटी मीच एक पायरी खाली उतरलो. म्हणालो, "जाळत नसाल तर निदान घरातनं काढा. गावातनं काढा." हे वाक्य मी माझ्या तोंडानं म्हणालो. एकदा नाही, दहा-वीस दारांत म्हणालो.

या गावाच्या खालच्या अंगाला ओढा होता आणि ओढा हीच शीव. पलीकडचं गाव माझ्या आक्काचं. आमची आई मी लहान असतानाच गेली आणि मला वाढवलं ते आक्कानं. तिचं लग्न झालं तेव्हा मी तिच्या मागोमाग तिच्या सासरी राहायला गेलो, आणि दाजींनी कधी एका शब्दानं मला उपरा म्हटलं नाही. सायकल मला त्यांनीच शिकवली. कुणाची तरी मागून आणलेली सायकल, त्यावर मी, आणि मागं सीट धरून धापा टाकत पळणारे दाजी. अंगानं दांडगा माणूस, पण पायात काटा मोडला तर आक्कानं तो काढताना डोळे गच्च मिटून घ्यायचा. मी टोचायला गेलो तेव्हा हसून म्हणाले, "आरं सुईवाल्या, आई शिवंवर असताना अंगाला सुई लावीत न्हाईत. गाडा जाऊ दे पुढं. मग आधी माझ्याच दंडाला टोच, समद्या गावाम्होरं." दाजींनी सुई घेतली की अख्खं गाव घेणार हे मला माहीत होतं. मी कबूल झालो. त्या गावात अजून एकही माणूस आजारी नव्हतं, आणि ते तसंच राहावं, आक्काच्या घराला झळ लागू नये, एवढीच माझी त्या दिवसांतली खरी इच्छा होती. बाकीचं सगळं नोकरी म्हणून चाललं होतं.

गाडा म्हणजे मरीआईचा गाडा. गावात माणसं मरायला लागली की सुतार एक लहानसा लाकडी गाडा करतो. त्यावर आईला बसवायचं, हिरवा चुडा, खण, दहीभात, लिंबाचे डहाळे ठेवायचे आणि माणसांनी ओढत नेऊन तो शिवेपलीकडं लोटायचा. मागं वळून बघायचं नाही. आई गेली, आता पुढच्या गावानं बघून घ्यावं. पुढचं गाव अर्थातच काठ्या घेऊन उभं असतं. त्यांना तो मागं लोटायचा असतो, नाही जमलं तर आणखी पुढच्या शिवेवर न्यायचा असतो. रझाकारीच्या दिवसांत शिवेवर पहारा देऊन या भागातल्या माणसांचे हात तयार झालेले होते, आणि घरोघर माळ्यावर भाल्याची फळं अजून होती.

मंगळवारी सकाळी मी गावात शिरलो तर बायका घराघरांतून मेलेल्यांच्या वाकळा बाहेर काढत होत्या. मला केवढा आनंद झाला! इतक्या दिवसांच्या ओरडण्याला फळ आलं म्हणून मी चावडीच्या पायरीवर बसून रोजच्या अहवालात लिहिलं, लोक सहकार्य करू लागले आहेत. अक्षर मुद्दाम सुबक काढलं. मग हलगी वाजायला लागली म्हणून उठून बघितलं. लिंबाखाली नवा गाडा उभा होता आणि त्याच्यावर सगळ्या वाकळा रचलेल्या होत्या. डाग पडलेल्या, ओल्या, माशा घोंगावत असलेल्या. समोर बोकड पाडलेला होता आणि त्याचं रक्त चाकांना लावणं चाललं होतं. पोतराज कोरडा घुमवून स्वतःच्या दंडावर फटके ओढत होता, दंडातनं रक्त टिपकत होतं.

मी कोतवालाला धरलं. "या वाकळा गाड्यावर कशाला?"

"आईनं नेल्याली माणसं, त्यांचं पांघरूण आईचंच की," तो म्हणाला. "आन तुमीच म्हनलात न्हवं, गावातनं काढा म्हणून?"

गाडा ओढ्यात उतरणार होता. वैशाखात ओढा कोरडा, पण पात्रातल्या वाळूत आक्काच्या गावाचा झिरा होता, पाण्यासाठी खणलेला मोठा खड्डा. त्यांच्या विहिरी आटलेल्या, सगळं गाव त्या एका झिऱ्यावर वाटीवाटीनं घागरी भरत होतं. खालच्या वस्तीला त्यावर हात लावू देत नसत, तिचा झिरा त्याच पात्रात थोडा खाली होता. वर जे पडेल ते खाली झिरपणारच.

सायकल काढली आणि आडवाटेनं सुटलो. ओढ्यापर्यंत दोनदा पडलो. पलीकडच्या काठावर आक्काच्या गावची माणसं आधीच उभी होती, हलगी त्यांनाही ऐकू गेली होती. पुढं दाजी, डोक्याला पटका, हातात तेल पाजलेली काठी.

"दाजी, त्याच्यावर मेलेल्यांच्या वाकळा आहेत," मी अलीकडूनच ओरडलो. "पात्रात उतरू देऊ नका. वरच काठावर थांबवा, मी तिथंच जाळतो."

"आईचा गाडा जाळतूस?" दाजींचा चेहरा बदलला. "खुळा झालास का काय? तू त्या गावातनं आलायस, हिकडं येऊ नगंस. मागं सर."

तेवढ्यात गाडा काठावर आला आणि आरोळ्या देत तो उतारावरनं खाली सोडला. पलीकडची माणसं पात्रात धावली. पुढच्या घटकेत काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं. काठ्या हाडांवर बसल्याचा आवाज वेगळाच असतो, एकदा ऐकला की विसरत नाही. एकाचा कान फाटून लोंबत होता आणि तो तसाच काठी फिरवत होता. एक म्हातारा वाळूत बसून हातातल्या रक्तात आपले दात शोधत होता. ही दोन्ही गावं एकमेकांत सोयरिक असलेली, एकमेकांच्या लग्नांत जेवलेली. गाडा मधोमध रुतला होता, दोन्हीकडनं ढकलणं चाललं होतं, आणि झिरा तिथनं चार पावलांवर.

मी पिशवीतनं स्पिरिटची बाटली काढली, वाकळांवर ओतली आणि काडी ओढली. स्पिरिटचा जाळ निळा असतो, उन्हात दिसत नाही. वाकळ काळी पडायला लागली तेव्हा लोकांना कळलं. "आईला पेटवलं!" अशी किंकाळी उठली आणि इतका वेळ एकमेकांना मारणारी दोन्ही गावं एकदम माझ्याकडं वळली. दाजी सगळ्यांत पुढं होते. ते मला मारायला येत होते की बाकीच्यांच्या हातून वाचवायला, हे मला आजही माहीत नाही. त्यांनी माझं मनगट धरलं, तेच चावा घेतलेलं. मी भडकलो. वाळूत पडलेली कुणाची तरी काठी उचलली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या डोक्यात घातली. पटका सुटला. दाजी खाली बसले आणि माझ्याकडं बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

मग माझ्या कपाळावर काहीतरी आदळलं. डोळ्यांत रक्त उतरलं, त्यातनं मला एवढं दिसलं की दहा-बारा माणसं जळता गाडा रेटताहेत. विझवायला पाणी हवं होतं, आणि पात्रात पाणी होतं ते एकाच ठिकाणी. सगळ्या वाकळांसकट त्यांनी गाडा झिऱ्यात उलथला.

शुद्धीवर आलो तो दिवस कलायला लागला होता. तसाच रखडत आक्काच्या दारात गेलो. दाजींना आत निजवलेलं होतं, डोक्याला फडकं बांधलेलं, आणि आक्का त्यांना तांब्यानं पाणी पाजत होती. रक्त गेलेल्या माणसाला तहान फार लागते. त्यांनी तो तांब्या संपवून आणखी मागितला.

"आक्का, ते पाणी कुठलं?" मी विचारलं. "दुपारनंतर आणलंय का?"

ती उठून दाराशी आली. तिच्या हातांना दाजींचं रक्त होतं. "तुला कडंवर घिऊन वाढवलं," ती म्हणाली. "म्या हितं कुंकू लावून बसले, आन तू माझ्याच कुंकवावर काठी घातलीस."

"मला मार पाहिजे तर. पण पाणी उकळून प्या. झिऱ्याचं पिऊ नका. आणि सगळ्यांनी टोचून घ्या, पाया पडतो तुझ्या."

"तुझ्या हातचं म्या इख बी घेनार न्हाय," ती म्हणाली आणि दार लावलं. आत कडी सरकल्याचा आवाज आला. मी दारावर लाथा मारल्या. शेजारच्यांनी येऊन मला दगड मारत गावाबाहेर काढलं.

लाल दवा घेऊन झिऱ्याकडं गेलो तर तिथंही माणसं उभी होती. त्यांनी पुडी हिसकावली आणि सायकलच्या चाकाच्या तारा धोंड्यांनी तोडल्या. मी चालत कळंबला गेलो, कपाळ शिवून घेतलं, फौजदारापुढं दोन दिवस हात जोडले, तेव्हा कुठं चार शिपाई मिळाले. तोवर गावानं गाडा बाहेर काढून पुढच्या शिवेवर नेऊन घातला होता आणि झिरा निवळला होता. निवळलेलं पाणी चांगलंच दिसतं, बायका नेहमीसारख्या घागरी भरत होत्या.

शिपायांना घेऊन गावात शिरलो तेव्हा खालच्या वस्तीत आधी रडणं ऐकू आलं. मग वरच्या आळीत. मग आक्काच्या घरी. दार उघडंच होतं. दाजींचा एवढा मोठा चेहरा मुठीएवढा झाला होता, डोक्याचं फडकं सैल होऊन कानावर उतरलं होतं. आवाज बसला होता. मला बघून त्यांनी दंड पुढं केला.

"आता टोच," ते म्हणाले. "गाडा गेला."

लस रोग होण्याआधी द्यायची असते. झाल्यावर तिचा काही उपयोग नसतो, हे मला पक्कं माहीत होतं. पण त्या माणसाला मी नाही म्हणू शकलो नाही. सुई उकळायला स्पिरिट नव्हतं, आक्काच्या चुलीवर पाण्यात उकळली आणि टोचली. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. तासाभरात ते गेले.

आक्कानं बघितलं ते एवढंच. भावानं आधी काठी घातली, मग सुई टोचली, आणि नवरा मेला. तिनं आरडाओरडा केला नाही. पिशवीसकट मला दाराबाहेर ढकललं, सुयांचा डबा माझ्या अंगावर फेकला आणि भिंतीकडं तोंड करून बसली. पुढं शिपायांच्या बंदोबस्तात मी ते सगळं गाव टोचलं, झिरा दवेनं लाल केला, नंतर नोकरीत वरही चढलो. आक्कानं भाऊबीजेला मला ओवाळलं नाही ते नाहीच. तिची पोरं मोठी झाली, लग्नं झाली, पत्रिका यायची, मी जायचो, मांडवात बसून परत यायचो. ती माझ्याशी एक शब्द बोलायची नाही, आणि मलाही तिच्यापुढं तोंड वर करायची हिंमत नव्हती.

मी पेन्शनीत निघाल्यावर एकदा तिचा निरोप आला. गेलो. ओसरीवर बसली होती, डोळ्यांना दिसत नव्हतं.

"लई वरसं इचारीन म्हणते," ती म्हणाली. "खरं सांग. काठीनं गेलं, का सुईनं?"

"पाण्यानं," मी म्हणालो. हे उत्तर माझ्याजवळ इतकी वर्षं तयार होतं. त्याच्या आधारानं मी जगलो होतो. पण तिच्यापुढं तेवढ्यावर थांबता येईना. मी तिला वाकळांचं सांगितलं. गावातनं काढा, असं मीच घरोघर म्हणालो होतो ते सांगितलं. मी पेटवलं नसतं तर गाडा झिऱ्यात पडला नसता, तेही सांगितलं. हे तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं, बायकोलासुद्धा.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे समदीकडनं तूच."

"व्हय," मी म्हणालो.

तिनं सुनेला हाक मारून पाणी मागवलं. सुनेनं पितळेचा तांब्या आणून ठेवला. आक्कानं हातानं चाचपून तो माझ्याकडं सरकवला. तांब्या कोमट होता. सून सहज बोलून गेली, "मामा, आमच्यात समदं पानी उकळूनच असतंय. मामंजी गेल्यापास्नं आत्याबाईंनी ह्या घरात कुनाला कच्चं पाणी पिऊ दिलं न्हाय."

मी आक्काकडं बघितलं. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं.

"पी," ती म्हणाली.